मास्क सोसेना, तेव्हा दातांवरचं उपकरण

झोपेत हवेच्या दाबाने घशातली वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा मास्क मला रात्रभर सोसेना. माझा स्लीप ॲप्निया मध्यम, म्हणजे झोपेत तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडकणारा किंवा मंदावणारा. म्हणून डॉक्टरांनी दातांवर बसणारं उपकरण सुचवलं. दंतवैद्यांनी माझ्या दातांची मापं घेऊन ते बनवलं. झोपेत ते खालचा जबडा जरा पुढे धरतं, त्यामुळे जीभ मागे पडत नाही आणि घशातली वाट मोकळी राहते. जबडा एकदम पुढे ओढायचा नसतो. अगदी थोडा थोडा सरकवतात. सुरुवातीला लाळ फार सुटायची, सकाळी दात जुळत नसत. जबड्याच्या व्यायामाने फरक पडला. घोरणं थांबलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. उपकरण घालून झोपेची तपासणी पुन्हा कराच. माझी खात्री त्या अहवालानेच पटली. दातांची ठेवण बदलत नाही ना, हे पाहायला अजूनही नियमित जाते.