मायएसक्यूएलचा डेटा दुसऱ्या डिस्कवर कसा हलवावा

सर्व्हरची मूळ डिस्क भरत आली की डेटाबेसच्या फाइल्स मोठ्या डिस्कवर न्याव्या लागतात. कॉपीचे काम सोपे आहे. लोक अडकतात ते त्यानंतर, मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर सुरूच होत नाही तेव्हा.

उबुंटू या लिनक्सवर हा डेटा सहसा ‘/वार/लिब/मायएसक्यूएल’ या फोल्डरमध्ये असतो. तरी गृहीत धरू नका. मायएसक्यूएलमध्ये लॉगिन करून ‘डेटाडिर’ (डेटा फोल्डरचा पाथ) या व्हेरिएबलची किंमत विचारा.

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे रिस्टोअर करून पाहा. नवी डिस्क माउंट करून (सिस्टिमच्या एखाद्या फोल्डरला जोडून) एफएसटॅबमध्ये, म्हणजे माउंट करायच्या डिस्कच्या यादीत, यूयूआयडी या तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने नोंदवा. एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावे रीबूटनंतर बदलू शकतात.

आता मायएसक्यूएलची सर्व्हिस बंद करा आणि स्टेटस पाहून खात्री करा. सर्व्हर चालू असताना फाइल्स साध्या कॉपी केल्या, तर इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनचे काही बदल मेमरीतच असतात आणि हाती विस्कळीत प्रत येते. कॉपी रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून, आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडला ‘ए’ पर्याय देऊन करा, म्हणजे फाइल्सची मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात. मूळ पाथच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतल्या फाइल्स जातात, नाही दिली तर फोल्डरसकट जातात.

जुना फोल्डर पुसू नका, त्याचे नाव बदला. कॉन्फिगमध्ये काही राहून गेले, तर सर्व्हर गुपचूप जुन्याच फाइल्सवर चालू होतो आणि नव्या नोंदी तिकडे साठत जातात. ते फार उशिरा लक्षात येते.

मग ‘मायएसक्यूएलडी’ची कॉन्फिग फाइल उघडा, डेटाडिरच्या ओळीपुढचे हॅश चिन्ह काढा आणि नवा पाथ लिहा.

खरी मेख पुढे आहे. उबुंटूमध्ये ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा मायएसक्यूएलला ठरलेल्या फोल्डरांबाहेर जाऊ देत नाही. त्याच्या ‘ट्यूनेबल्स’मधल्या ‘एलियस’ फाइलमध्ये जुन्या पाथकडून नव्या पाथकडे जाणारी ओळ लिहा, शेवटी स्वल्पविराम द्या (तो विसरला तर फाइल वाचलीच जात नाही) आणि ॲपआर्मर रीलोड करा. रेड हॅट परिवारातल्या लिनक्समध्ये हेच काम एसईलिनक्स करते. तिथे नव्या फोल्डरला मायएसक्यूएलच्या डेटाचे लेबल ठरवून ते फाइल्सना लागू करणारी ‘रिस्टोअरकॉन’ कमांड चालवा.

तरीही एरर लॉगमध्ये १३ क्रमांकाची चूक दिसली, तर ती परवानगीची आहे. सगळ्यांना ७७७ (वाचणे, लिहिणे, चालवणे या सर्व परवानग्या) देऊन मोकळे होऊ नका, त्याने डेटा मशीनवरच्या प्रत्येक युजरला उघडा पडतो. नव्या पाथमधल्या वरच्या प्रत्येक फोल्डरमधून ‘मायएसक्यूएल’ युजरला आत जाता येते का, ते तपासा. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

सर्व्हर उठला की डेटाडिर पुन्हा विचारा आणि दोन-चार टेबलांतल्या नोंदी मोजून पाहा. मशीन एकदा रीबूट करा. डिस्क आधी माउंट होऊन मग मायएसक्यूएल सुरू होते का, हे त्याशिवाय कळत नाही. पुढचे काही दिवस सुरळीत गेले आणि नव्या जागेवरून एक ताजा बॅकअप झाला, की मगच जुना फोल्डर काढा.