करडईचं तेल घेताना फुलावर जाऊ नका
लातूर-परभणीकडं करडईच्या तेलाला मान आहे, म्हणून पिशवीवर पिवळं फूल ठसठशीत छापतात. तुम्ही बारीक अक्षरं वाचा. 'ब्लेंडेड एडिबल व्हेजिटेबल ऑइल' लिहिलं असेल तर ते मिश्रण आहे आणि कोणतं तेल किती टक्के, हे छापणं बंधनकारक आहे. करडई २० टक्के असली तरी नियमात बसतं. मग भाव निव्वळ करडईचा कशाला द्यायचा?

वजनही बघा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या पिशवीत कधी ८५० ग्रॅमच असतं. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १०००, हा खरा किलोचा भाव. मिश्रणाची टक्केवारीच छापलेली नसेल तर पिशवी आणि पावती जपून ठेवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.