बायोबँकेचा फॉर्म हातात आला तर सही करण्याआधी काय विचारायचं

ऑपरेशनच्या आधी जो कागदांचा गठ्ठा देतात ना, त्यात कधीकधी एक पान बायोबँकेचं, म्हणजे शरीरातले नमुने साठवून ठेवणाऱ्या बँकेचं असतं, काढलेली टिश्यू (शरीरातला पेशींचा तुकडा) ठेवून घ्यायला संमती आहे असं, आणि टेन्शनमध्ये लोक बाकीच्या सह्यांबरोबर तिथेही सही करून टाकतात. सही जरूर करा, पण ही बँक कशासाठी आहे ते आधी विचारा, कारण टिश्यू कशी ठेवणार, किती वर्षं ठेवणार, तुमची कुठली माहिती घेणार हे सगळं त्यावरच ठरतं.

पहिला प्रश्न: दुसऱ्या पेशंटला बसवणार की संशोधनाला वापरणार? नेत्रपेढी, त्वचापेढी, हाडांची पेढी या उपचारासाठी असतात. खुब्याचा सांधा बदलताना निघालेला मांडीच्या हाडाचा गोळासुद्धा असा दान करता येतो. इथे दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिसची तपासणी होतेच, त्यामुळे रक्त मागितलं तर घाबरू नका. नाळेतल्या रक्ताची बँक पण याच गटातली, फक्त सार्वजनिक की खाजगी ते बघा, सार्वजनिक असेल तर ते रक्त कुठल्याही गरजू पेशंटला मिळू शकतं, खाजगीत पैसे भरून स्वतःच्या घरासाठी राखून ठेवतात.

संशोधनाची असेल तर बऱ्याचदा ती ट्यूमर बँक निघते. गाठीचा तुकडा घेतात, जमलं तर शेजारची निरोगी टिश्यू आणि रक्तही, म्हणजे जन्मापासूनचे बदल कुठले आणि गाठीत नंतर झालेले कुठले हे वेगळं काढता येतं. ठेवायच्या मुख्य पद्धती दोन. फॉर्मालिनमध्ये (टिश्यू कुजू न देणारं रसायन) ठेवून मग पॅराफिन मेणाचा ब्लॉक करायचा, तो साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो, मायक्रोस्कोपखाली रचना छान दिसते, पण डीएनएचे तुकडे पडतात आणि आरएनएचे (पेशीत कुठली जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) तर हालच होतात. दुसरी म्हणजे उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवायचं, आरएनए हवं असेल तर हीच बरी. पण गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पेशींमध्ये बदल सुरू होतात, म्हणून गोठवेपर्यंत किती वेळ गेला याची नोंद लागते, आणि तुम्ही स्वतः संशोधक म्हणून सॅम्पल मागवत असाल तर ही नोंद नसलेल्या सॅम्पलवर आरएनएचं काम करूच नका, खरंच. पेशंटने मात्र एकच गोष्ट पक्की करून घ्यायची, रिपोर्टला लागणारा भाग पॅथॉलॉजिस्टकडे आधी जाणार आणि उरलेलाच बँकेत.

तिसरा प्रकार लोकसंख्येच्या बायोबँकेचा, म्हणजे सर्वसामान्य लोकांचे नमुने घेणारी, तिथे आजारी असायची अट नसते. यूके बायोबँकेने 2006 ते 2010 मध्ये 40 ते 69 वयाचे 5 लाख लोक घेतले, त्यांचं रक्त, लघवी, लाळ ठेवली आणि पुढे कोणाला काय आजार होतो ते बघत राहिले. इथे सॅम्पलइतकीच तुमच्या तब्येतीची पुढची माहितीही महत्त्वाची, तेव्हा मेडिकल रेकॉर्ड किती काळ बघणार हे वाचा.

मेंदूच्या बँकेचं वेगळंच आहे, दान मृत्यूनंतर आणि तेही लवकर व्हावं लागतं, म्हणून नाव नोंदवलंत तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. आणि पार्किन्सन, अल्झायमर नसलेल्यांचे मेंदूही तितकेच लागतात हो, तुलना करायला दुसरं काय असणार! हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आता संमती. 1951 मध्ये अमेरिकेत हेनरिएटा लॅक्स या कॅन्सरच्या पेशंटच्या गाठीच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या आणि जगभरच्या लॅबमध्ये वापरल्या गेल्या, म्हणून लाजू नका, विचारा: संमती एकाच अभ्यासाला की पुढच्या कुठल्याही संशोधनाला, नावाऐवजी कोड लावणार का, कंपन्यांना सॅम्पल देणार का, तपासणीत माझ्या उपयोगाचं काही सापडलं तर कळवणार का. नंतर मन बदललं तर कोणाला सांगायचं तेही फॉर्मवर लिहून घ्या आणि एक कॉपी जवळ ठेवा. माघार घेतलीत तर उरलेलं सॅम्पल वापरणं थांबवता येतं, पण ज्या अभ्यासात ते आधीच वापरलं गेलं तिथून सहसा परत काढता येत नाही.