पाच जागा, १९ दारं आणि एक क्लाउड: ॲक्सेस कंट्रोल घेताना या चुका टाळा

आमचं एक युनिट कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, दुसरं गोकुळ शिरगावला, गोडाऊन कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत, ऑफिस राजारामपुरीत आणि दोन वर्षांपासनं चाकणला एक छोटा डेपो. सगळी मिळून १९ दारं. काम कास्टिंग आणि मशिनिंगचं, म्हणजे रात्रपाळी आली, कॉन्ट्रॅक्टचे कामगार आले, पॅटर्न रूम आली, टूल स्टोअर आलं, आणि ह्या सगळ्या दारांची कार्डं, लॉक, रीडर माझ्याकडं. आधी प्रत्येक जागेला वेगळा कॉम्प्युटर होता, त्यामुळं एखादा सुपरवायझर काम सोडून गेला की त्याचं कार्ड प्रत्येक ठिकाणी जाऊन काढायचं, आणि खरं सांगायचं तर शेवटच्या ठिकाणी ते राहूनच जायचं, कारण एक कार्ड काढायला चाकणपर्यंत कोण जाणार. म्हणून क्लाउडवर गेलो, म्हणजे सगळ्या दारांचं ॲक्सेस कंट्रोल (कोण कुठल्या दारानं आत जाऊ शकतं ते ठरवणारी सिस्टिम) नेटवरच्या एकाच सर्व्हरवरनं चालवायला लागलो. निर्णय बरोबरच होता, पण जाताना ज्या चुका झाल्या त्या महागात पडल्या. आता इचलकरंजीतले यंत्रमागवाले, हुपरीतले चांदीवाले, दोन-तीन शाखा असलेले सराफ सगळेच ह्याची चौकशी करायला लागलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात ठेवा. कुणाला आत सोडायचं हे एका जागी ठरलं पाहिजे, पण दार उघडायचं का नाही हे त्या दारापाशीच ठरलं पाहिजे. पहिलं काम क्लाउडचं, दुसरं काम दाराशेजारच्या कंट्रोलरचं, म्हणजे कार्ड तपासून लॉक उघडणाऱ्या छोट्या मशीनचं. ह्या दोन्हीची गल्लत झाली की पुढचे निम्मे घोळ तिथनंच सुरू होतात.

नेट असतानाच डेमो बघणं

सेल्सवाला ऑफिसात येतो, टेबलावर डेमो किट ठेवतो, मोबाईलवर बटण दाबतो आणि टक्कन लॉक उघडतं, आपण खूश. तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं की आता नेटची केबल काढा आणि कार्ड दाखवा. कार्ड चाललं तर पुढचं विचारा, की कंट्रोलरमध्ये किती कार्डं बसतात, नेट नसताना किती एन्ट्री साठतात, आणि नेट परत आल्यावर त्या आपोआप वर जातात का मधल्याच गायब होतात. काही स्वस्तातल्या वायफाय रीडरमध्ये प्रत्येक कार्डाला सर्व्हरला विचारूनच दार उघडतं, तसलं फॅक्टरीत अजिबात घेऊ नका.

हे फक्त गरिबाघरचं दुखणं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं सहा तासांच्या आसपास बंद पडलं होतं, तेव्हा त्यांच्याच लोकांची बॅज कार्डं त्यांच्याच ऑफिसच्या दारांवर चालेनात अशा बातम्या आल्या होत्या. जगातलं एवढं मोठं नेटवर्क ज्यांचं त्यांचं असं झालं, तर आपल्या एमआयडीसीतल्या एका ब्रॉडबँड लाइनचं काय सांगावं.

आणि आपल्याकडं पाऊस आहे. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कितीतरी दिवस बंद होता, जुलै २०२१ ला परत तेच. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे आकडे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ असतात. राजारामपुरीत बसून शिरोलीचं दार मोबाईलवरनं उघडायची गरज नेमकी त्याच दिवशी पडते ज्या दिवशी लाइट नसते, फायबर तुटलेली असते आणि टॉवरची बॅटरी पण उतरलेली असते. दोन सिमचा फोरजी राऊटर जरूर लावा, आम्ही लावलाय, रोजच्या खंडाला तो पुरतो. पण पुरात दोन्ही सिम एकदम जातात, त्यामुळं त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नका.

लाइट गेल्यावर लॉकचं काय होतं हे न विचारणं

सगळ्यात मोठी चूक आमची हीच. टूल स्टोअरला सरसकट ईएम लॉक बसवला, म्हणजे चुंबकाचा. ह्या लॉकचं गणित असं की करंट आहे तोवर तो धरतो, करंट गेला की सोडतो. ह्याला फेल सेफ म्हणतात, माणसं आत अडकू नयेत म्हणून तो तसाच बनवलेला असतो. जून महिना, रात्री दीडला सिक्युरिटीतल्या मामांचा फोन.

"साहेब, स्टोअरचं दार नुसतं ढकललं तरी उघडायलंय."

"लाइट आहे काय?"

"नवाला गेलीया. मगाशी लाल दिवा तरी होता, आता त्यो पण गेला."

"तुम्ही तिथंच खुर्ची टाकून बसा, मी आलोच."

"येताना एक कुलूप घेऊन या."

पाच-सहा लाखांची इन्सर्ट (मशीनची कटिंगची पाती) आणि गेज (मापं) त्या खोलीत, आणि राखण म्हणून मामा आणि एक टॉर्च. मोबाईल ॲपवर तर सगळं हिरवं दिसत होतं, कारण शेवटची माहिती लाइट जायच्या आधीची होती आणि डिव्हाइस ऑफलाइन झाल्याचा अलर्ट कुणी चालूच केला नव्हता.

हिशोब साधा आहे, तो आधी करायला पाहिजे होता. २८० किलोवाला ईएम लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतो, कंट्रोलर आणि रीडर धरून पाऊण ते एक. पॉवर सप्लायच्या डबीत ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असते. कागदावर सात ते नऊ तास, नवी असताना प्रत्यक्षात पाच-सहा, आणि दोन वर्षं झालेली असली की आमच्यासारखी चार तासांत मान टाकते. तेव्हा बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा, दर सहा महिन्यांनी मेन बंद करून घड्याळ लावून बघा.

आता स्टोअरला फेल सिक्युअर स्ट्राइक लॉक आहे, करंट गेला तरी बाहेरनं बंदच राहतो, आतनं मात्र हँडल दाबलं की कधीही उघडतो, आणि बाहेरनं किल्लीची सोय आहे. जिथं माणसांची ये-जा जास्त तिथं ईएम लॉकच ठेवलाय. दार बघून लॉक ठरवायचा, १९ दारांना एकच मॉडेल घेऊन डिस्काउंट मिळवायचा नाही.

ह्यालाच जोडून एक गोष्ट आहे, ती जिवाची आहे. बाहेर पडायच्या वाटेवरच्या ईएम लॉकची वायर फायर पॅनेलच्या रिलेतनं (आगीच्या अलार्मच्या डब्यातला करंट तोडणारा स्विच) आणि काच फोडायच्या डबीतनं थेट गेली पाहिजे, म्हणजे आग लागली की लॉकचा करंटच तुटतो. "सॉफ्टवेअरमध्ये फायर मोड आहे साहेब" हे उत्तर चालवून घेऊ नका. भट्टी शेजारी असताना माणूस बाहेर पडणं हे कुठल्याही सर्व्हरवर अवलंबून ठेवता येत नाही.

अकाउंट डीलरच्या मेल आयडीवर

काम झालं, सगळं चालू झालं, डीलरच्या पोरानं लॉगिन लिहून दिलं. आठ महिन्यांनी चाकणचं एक दार वाढवायचं होतं तर सिस्टिम म्हणते ओनरची परवानगी लागेल. ओनर कोण, तर डीलरच्या त्या पोराचा स्वतःचा जीमेल, आणि ते पोरगं मधल्या काळात नोकरी सोडून गेलेलं. डीलर म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते ओनरच्या मेलवरनं रिक्वेस्ट पाठवा. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आमच्या १९ दारांची सगळ्यात वरची किल्ली अशा माणसाकडं होती ज्याला आम्ही कामावर पण घेतलेलं नव्हतं आणि काढू पण शकत नव्हतो. वाईट मनाचा कुणी असता तर काय झालं असतं ह्याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून पहिल्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी, ओनर अकाउंट कंपनीच्या डोमेनच्या मेलवर करून घ्या, ओटीपी मालकांच्या नाहीतर त्यांनी नेमलेल्या माणसाच्या मोबाईलवर, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीनं चालू. डीलरला वेगळं लॉगिन द्या, त्याला फक्त डिव्हाइस दिसू देत, माणसांची यादी नको. आणि सगळ्यांनी मिळून एकच ॲडमिन पासवर्ड वापरणं बंद करा, कारण उद्या कुणाचं तरी कार्ड कुणी चालू केलं हे शोधायची वेळ आली तर लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) सगळीकडं नुसतं ॲडमिन दिसतं. मार्च २०२१ ला अमेरिकेतल्या वर्काडा ह्या क्लाउड कॅमेरा कंपनीचं एक सुपर ॲडमिन लॉगिन बाहेरच्यांच्या हाती लागलं आणि गिऱ्हाइकांचे जवळजवळ दीड लाख कॅमेरे त्यांना दिसायला लागले. तेव्हा कंपनीला पण विचारा की तुमच्याकडच्या किती जणांना आमची दारं दिसतात.

क्लाउड म्हणून भलतंच काहीतरी घेणं

बऱ्याच ठिकाणी जुनंच सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर टाकतात, राऊटरमध्ये पोर्ट उघडतात आणि बिलावर क्लाउड लिहितात. ओळखायचं कसं, तर तो स्टॅटिक आयपी (नेट लाइनचा कायमचा पत्ता) मागतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरनं आत यायला राऊटरमध्ये वाट उघडायची, भाषा करतो. खऱ्या क्लाउडवाल्या कंट्रोलरला हे काही लागत नाही, तो स्वतःच आतनं बाहेर सर्व्हरला कनेक्शन जोडतो, तेही एन्क्रिप्ट केलेलं. उघडं पोर्ट म्हणजे रस्त्यावर उघडलेली खिडकी, आणि बऱ्याच ब्रॉडबँड लाइनवर एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटलेला असतो, तिथं पोर्ट उघडून पण उपयोग होत नाही, मग डीलर महिनाभर नेटवाल्याला फोन करत बसतो.

कार्ड आणि बोटं

१२५ किलोहर्ट्झची जाड पांढरी कार्डं स्वस्त पडतात पण त्यांची नक्कल किल्ली बनवण्याइतकी सोपी आहे. मायफेअर क्लासिक ह्या जुन्या स्मार्ट कार्डाचं कोडिंग २००८ लाच फुटलंय. नवीन घेताय तर डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ ही एन्क्रिप्ट केलेली कार्डं घ्या, आणि रीडर ते कंट्रोलर जुन्या वायगंड वायरिंगऐवजी ओएसडीपी (माहिती एन्क्रिप्ट करून पाठवू शकणारी नवी पद्धत) मागा, कारण वायगंडमध्ये कार्डाचा नंबर उघडा जातो. २६ बिटच्या वायगंडमध्ये साइट कोड (जागेचा नंबर) २५५ पर्यंत आणि कार्ड नंबर ६५,५३५ पर्यंतच असतो, त्यामुळं दोन युनिटची जुनी कार्डं एका सिस्टिममध्ये आणली की एकच नंबर दोघांचा निघू शकतो. आमच्याकडं निघाला, शिरोलीतल्या फिटरच्या कार्डावर गोकुळ शिरगावच्या अकाउंट्सची केबिन उघडत होती. यादी एकत्र करायच्या आधी एक्सेलमध्ये डुप्लिकेट काढा.

फाउंड्रीत बोटाचा ठसा चालत नाही. वाळू आणि गरम काम ह्यानं लोकांच्या बोटावरच्या रेषाच झिजतात, मग माणूस चारदा बोट पुसतो आणि मागं रांग लागते. चेहऱ्याचं मशीन बरं चालतं, पण ठसा काय आणि चेहरा काय, ती माणसाची स्वतःची गोष्ट आहे, पासवर्डसारखी बदलून मिळत नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कामगारांना मराठीत लिहून सांगा काय घेतोय आणि कशाला, आणि सोडून गेलेल्याचा चेहरा सिस्टिममधनं खरंच पुसला जातो का नुसता लपवला जातो हे कंपनीकडनं लेखी घ्या. त्याच वेळी डेटा कुठल्या देशात ठेवता आणि लॉग किती दिवस ठेवता हे पण, सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात १८० दिवस लॉग आणि घटना सहा तासांत कळवणं आहे.

वरचेवर येणाऱ्या तक्रारी आणि त्यांचं मूळ

रात्रपाळीची हजेरी चुकतेय, पहाटे दोनला आत आलेला माणूस आदल्या दिवशी रात्री साडेआठला दिसतोय. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर मशीनमध्ये बिघाड नाही, साइटचा टाइम झोन भारताचा केलेला नाही. हे एका जागी दुरुस्त केलं म्हणून सगळीकडं होत नाही, प्रत्येक साइटला जाऊन बघा.

ईएम लॉक खांद्यानं ढकलला तरी सुटतोय. नवीन लॉक मागवायच्या आधी दारावरची लोखंडी पट्टी हातानं हलवून बघा. तिच्या मागं रबरी वायसर असतं आणि ती किंचित हलली पाहिजे, म्हणजे चुंबकावर सपाट बसते. फिटरनं जोर लावून बोल्ट कचकचून आवळला की पट्टी तिरकी राहते आणि २८० किलोचा लॉक ३० किलो पण धरत नाही. आमच्यासारख्या मशिन शॉपमध्ये आणखी एक आहे, चुंबकाच्या तोंडावर लोखंडाचा बारीक कीस आणि ग्राइंडिंगची धूळ चिकटून थर बसतो. आम्ही दर सोमवारी कोरड्या फडक्यानं पुसतो, निम्म्या तक्रारी त्यानंच गेल्या.

दार सुटतं तेव्हा कंट्रोलर रिस्टार्ट होतोय, किंवा रिले चिकटून दार उघडंच राहतंय. लॉकच्या कॉइलमधनं उलटा झटका येतो त्याचं हे काम. लॉकच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा छोटा पार्ट) लावा, डायोडवरच्या पट्टीचं टोक प्लसला. दोन-चार रुपयांची वस्तू, ती नसल्यामुळं आमचे दोन कंट्रोलर गेले.

भाडं बंद केलं तर

दर दाराला दर महिन्याला किती, वर १८ टक्के जीएसटी, हे सगळे विचारतात. पैसे थांबवले तर दारं चालू राहतात का, कंट्रोलर दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो का, आणि माणसांची यादी, एन्ट्र्या बाहेर काढून मिळतात का, हे कुणी विचारत नाही. मर्क्युरी ह्या कंपनीच्या कंट्रोलर बोर्डसारखं हार्डवेअर बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात, तिथं सुटका सोपी असते. एकाच कंपनीचं बंदिस्त हार्डवेअर असेल तर पुढचं भाडं तेच ठरवणार. कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं असेल तर तिन्ही वर्षांचा दर आजच लिहून घ्या.

आणि सगळी दारं एकदम करू नका. आम्ही नवीन सिस्टिमचा ट्रायल जून ते ऑगस्ट घेतला, शिरोलीच्या एकाच दारावर, मुद्दाम पावसात. सिक्युरिटी केबिनमध्ये स्टोअरची किल्ली सील केलेल्या पाकिटात ठेवली, शेजारी वही. पाकीट फोडलं की वेळ, कारण आणि सही, मग सकाळी नवीन पाकीट. जुलैत ते दोनदा फुटलं. दोन्ही वेळच्या नोंदी मामांच्या अक्षरात आहेत, एक रात्री अकरा वीसची आणि एक पहाटे चारची, आणि लाइट आल्यावर कंट्रोलरनं वर पाठवलेल्या एन्ट्र्यांशी दोन्ही वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या, त्यानंतरच बाकीच्या १८ दारांची ऑर्डर दिली.