लिनक्समध्ये खिडकी भलत्याच वर्कस्पेसवर उघडते? या चुका टाळा

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचं ऑफिस आहे. स्क्रीनवर तीन वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या वाटून ठेवायला वेगवेगळे आभासी डेस्कटॉप. पहिल्या वर्कस्पेसवर लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सुताचा हिशेब, दुसऱ्यावर फायरफॉक्समध्ये जीएसटी पोर्टल, तिसऱ्यावर पार्ट्यांचे मेल. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं आणि समोर काहीच उघडलं नाही. लगेच ‘या प्रोग्रॅमची खिडकी या वर्कस्पेसवर उघडावी’ असा नियम लिहायला बसू नका; बहुतेकांचा वेळ इथंच वाया जातो.

आधी एवढंच बघा, नवी खिडकी उघडली तरी का? फायरफॉक्स आधीच चालू असेल तर लिंक दुसऱ्या वर्कस्पेसवरच्या जुन्या खिडकीत टॅब म्हणून जाऊन बसते. नवीन खिडकी कुठं ठेवायची हे सांगणारा नियम इथं काय करणार? तुमचा डेस्कटॉप एक्सएफसीई असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये फोकसच्या टॅबवर जा. खिडकी स्वतःहून पुढे आली तर तिला इथं आणायचं, की तुम्हाला तिच्याकडे न्यायचं, हे तिथं ठरवता येतं. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्येही खिडक्यांच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय आहे.

मशीन परत चालू केल्यावर फायरफॉक्सच्या खिडक्या जुन्या जागी जात असतील, तर तो जुनं सेशन, म्हणजे मागच्या वेळी उघड्या असलेल्या खिडक्या, वर्कस्पेससकट आठवतोय. अबाउट-कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत about:config लिहून उघडणारं सेटिंगचं पान) ‘वर्कस्पेस’ हा शब्द इंग्रजीत शोधा आणि ‘डिसेबल वर्कस्पेस मॅनेजमेंट’ ट्रू करा.

खरोखर नियमच हवा असेल तर मेनूतलं नाव बघून लिहू नका. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप (xprop) ही खिडकीची माहिती दाखवणारी कमांड चालवा, खिडकीवर क्लिक करा आणि डब्ल्यूएम-क्लाससमोर (WM_CLASS) दिसणारं नाव घ्या. खिडक्या हलवणाऱ्या अवजारांच्या मोजणीतही गंमत आहे. कमांडनं खिडकी हलवणारा डब्ल्यूएमसीटीआरएल (wmctrl) वर्कस्पेस 0 पासून मोजतो, नियम चालवणारा डेव्हिलस्पाय-2 (devilspie2) मात्र 1 पासून. एकाचा आकडा दुसऱ्यात चिकटवला की खिडकी शेजारी जाणारच.

एक्सप्रॉपसकट ही तिन्ही अवजारं एक्स-11 ची, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेची. वेलँड या नव्या व्यवस्थेवर लॉगिन केलंय का ते तपासा, कारण मूळ वेलँडच्या खिडक्या त्यांना दिसतच नाहीत. तिथं डेस्कटॉपचीच सोय वापरावी: ग्नोम डेस्कटॉपला ‘ऑटो मूव्ह विंडोज’ एक्स्टेन्शन, केडीई डेस्कटॉपला ‘विंडो रूल्स’. ग्नोममध्ये वर्कस्पेस आपोआप वाढतात आणि रिकामे झाले की नाहीसे होतात, म्हणून ‘मल्टिटास्किंग’मध्ये त्यांची संख्या आधी पक्की करा.

ऑटोस्टार्टमध्ये (लॉगिन झाल्यावर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) ‘स्लीप 5’, म्हणजे 5 सेकंद थांब, असं टाकून वर्कस्पेस बदलायचा जुगाड तर मुळीच नको. जुन्या हार्डडिस्कवर लिबरऑफिस कधी 5 सेकंदांत उघडतं, कधी 20 लागतात.

केडीईच्या नियमात ‘फोर्स’ निवडलं तर खिडकी हातानं दुसऱ्या वर्कस्पेसवर हलवायला गेलात तरी हलत नाही. फक्त उघडतानाचा वर्कस्पेस ठरवायचा असेल तर ‘अप्लाय इनिशियली’ पुरे.