थीम विभागात नवी राइड बसवताना : या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मनोरंजन उद्यानाच्या प्रकल्प विभागात रुजू होणाऱ्या बहुतेक तरुण अभियंत्यांची आणि वास्तुविशारदांची अशी समजूत असते की, आपल्याला राइडचे यंत्र घडवायला मिळणार. ते काम मुख्यतः उत्पादक कंपनीचे असते. ती राइड कुठे बसेल, तिच्यात कोण बसेल, तिची रांग कुठून कशी वळेल आणि ती कुठून दिसू नये, हे ठरवणे आपल्याकडे असते. आणि आधीपासून चालू असलेल्या थीम विभागात, म्हणजे एकाच कल्पनेवर सजवलेल्या उद्यानाच्या भागात, यातील बरेचसे निर्णय तिथे उभ्या असलेल्या गोष्टींनी आपल्या आधीच घेऊन ठेवलेले असतात. यांत्रिकी अभियंता म्हणून अशा प्रकल्पांवर काम करताना माझे हे मत पक्के होत गेले की, यंत्राच्या निवडीपूर्वी विभागाचा अभ्यास जितका बारकाईने होईल, तितके पुढचे काम सुरळीत जाते.

हा अभ्यास जमिनीखालून सुरू होतो. जुन्या विभागाचे नकाशे आणि प्रत्यक्ष जमीन यांचे क्वचितच जुळते. सजावटीच्या दिव्यांच्या केबल, कारंज्यांचे नळ आणि पावसाच्या पाण्याचे निचरे वर्षानुवर्षे सोयीनुसार फिरवलेले असतात, म्हणून खांबांच्या जागा निश्चित करण्यापूर्वी चाचणीखड्डे खणून पाहण्याला पर्याय नाही. जमिनीवरची माहिती मात्र कोणत्याच नकाशात नसते. कार्यक्रम सुटल्यावर गर्दी कुठे तुंबते, आई-वडील मुलांच्या गाड्या कुठे लावून ठेवतात, हे राइड चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक असते. त्यांच्यासोबत संपूर्ण पाळीभर उभे राहा. विभागातल्या एकुलत्या मोठ्या राइडला १४० सेंटिमीटर उंचीची अट असेल, तर धाकटी भावंडे आणि एक पालक सतत बाहेर ताटकळत असतात, हे तिथे लगेच लक्षात येते. अशा विभागाला आणखी एका उंच राइडपेक्षा सगळ्या कुटुंबाला एकत्र बसता येईल अशी राइड हवी असते, जरी जाहिरात विभागाला फलकावर उंचीचा आकडा झळकवायचा असला तरी.

यानंतर येते क्षमतेचे गणित. ते सोपे आहे, पण त्याच्याइतका हलगर्जीपणा कुठल्याच गणितात होत नाही. २४ आसनांची गाडी दर ६० सेकंदांनी सुटली, तर तासाला १,४४० जण बसतात. तीच ९० सेकंदांनी सुटली, तर फक्त ९६०. हे वरचे ३० सेकंद पिशव्या ठेवण्यात, आसनावरून होणाऱ्या घोळात आणि सुरक्षादांडा तपासण्यात जातात. म्हणून सामानाचे कप्पे स्टेशनच्या आधी ठेवणे, चढण्याचे आणि उतरण्याचे फलाट वेगळे करणे, अशा निर्णयांना ट्रॅकच्या वळणांइतकेच महत्त्व आहे. त्यातच रांगेचा प्रश्न दडलेला असतो. तासाला सुमारे हजार जणांना बसवणाऱ्या राइडसाठी तासाभराची रांग लागली, याचा अर्थ हजार माणसे एकाच वेळी कुठेतरी उभी आहेत. त्यांच्यासाठी जागा राखलेली नसेल, तर रांग मुख्य वाटेवर सांडते आणि शेजारच्या जुन्या राइडचे प्रवेशद्वार अडते. राइड मध्येच बंद पडली, तर तीच हजार माणसे एकदम वाटेवर येतात. वाटेची रुंदी ठरवताना हाही प्रसंग धरावा लागतो.

दृश्याच्या बाबतीत संगणकावरच्या प्रतिकृतीवर माझा पूर्ण विश्वास नाही. ट्रॅकचा सर्वोच्च बिंदू जिथे येणार असेल, तिथे दोरीला बांधलेला मोठा रंगीत फुगा तेवढ्याच उंचीवर सोडायचा आणि उद्यानातल्या ठरावीक जागांवरून त्याची छायाचित्रे घ्यायची, ही जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. हे पहाटे, वारा पडलेला असताना करावे; वाऱ्याने फुगा तिरका झाला की उंची कमी भासते आणि आपण नाहक निश्चिंत होतो. शेजारच्या विभागातून नवी राइड दिसणे अटळ असेल, तर ती तिथल्या देखाव्यात सामावून घेता येते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९४ साली उघडलेल्या टॉवर ऑफ टेरर या उंच इमारतीतल्या राइडची बाह्यरचना अशी आहे की, ती शेजारच्या एप्कॉट उद्यानातील मोरोक्को दालनामागे दिसली तरी परकी वाटत नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्सने दुसरा मार्ग घेतला. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही डोकावू नये असे बंधन होते, म्हणून खडक फोडून केलेल्या खड्ड्यात नेमेसिस हे कोस्टर (ट्रॅकवरून वेगाने वळणे घेत धावणारी राइड) उतरवले गेले आणि ती दरीच त्याच्या थीमचा गाभा ठरली.

आवाजाचेही वेळेवर पाहावे लागते. पोकळ पोलादी ट्रॅकमध्ये किंवा खांबांत वाळू भरल्याने गडगडाट कमी होतो, परंतु त्यामुळे भार वाढतो. म्हणून हा निर्णय पायाचे आरेखन पूर्ण होण्यापूर्वीच झाला पाहिजे.

सर्वांत जास्त वाद होतात ते सजावट आणि यंत्र यांच्या सीमेवर. कलाकारांना कृत्रिम खडक गाडीच्या शक्य तितका जवळ हवा असतो, कारण अंगावर येणाऱ्या खडकामुळे वेग जास्त वाटतो. प्रवाशाने हात-पाय पूर्ण ताणले तरी ते कुठेही लागू नयेत, एवढी मोकळी पोकळी संपूर्ण मार्गावर राखणे मात्र बंधनकारक असते. ती तपासण्यासाठी गाडीवर त्या मापाची चौकट बसवून गाडी अगदी सावकाश ओढत नेतात आणि जिथे चौकट खडकाला घासते, तिथे रंगाची खूण करून तो भाग छाटतात. रंगकाम पूर्ण झालेल्या खडकावर छिन्नी चालताना पाहणे कुणालाच सुखाचे नसते. म्हणून ही तपासणी सांगाड्यावर जाळी चढल्यावर एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा करावी. तसेच, पायाचे बोल्ट आणि वेल्डिंगचे सांधे सजावटीखाली कायमचे गाडले जाता कामा नयेत. ते ठरावीक काळाने तपासावेच लागतात, त्यामुळे खडकात उघडणारी दारे आरेखनातच दाखवावीत.

थीम आणि यंत्र यांचे न जुळणे किती महाग पडते, याचे उदाहरण ऑरलँडोच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये सापडते. १९९९ मध्ये सुरू झालेले ड्युएलिंग ड्रॅगन्स हे जोडकोस्टर २०१० मध्ये नव्या जादुई विभागात नाव बदलून सामावून घेतले गेले. उघड्या पोलादी ट्रॅकचे ते कोस्टर त्या विभागात उपरेच राहिले, असे माझे मत आहे. २०१७ मध्ये ते बंद झाले आणि २०१९ मध्ये त्या जागी झाडीतून, जमिनीलगत धावणारे, थीमशी घट्ट बांधलेले नवे कोस्टर उघडले.

बांधकाम सुरू झाल्यावर उद्यान बहुधा चालूच असते. अवजड क्रेन रात्री किंवा प्रवेशद्वारे उघडण्यापूर्वी हलतात आणि कुंपणापलीकडचे पाहुणे त्यांचा दिवस नेहमीसारखाच जावा अशी अपेक्षा ठेवतात. ट्रॅक जोडून झाला की आधी रिकाम्या आणि मग पाणी भरलेल्या पुतळ्यांनी लादलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा धावतात. गाडी मधल्या टप्प्यावर थांबवून प्रवाशांना उतरवण्याचा सरावही याच काळात होतो. त्यात स्वयंसेवक म्हणून बसण्याची संधी मिळाली तर सोडू नये, कारण अरुंद जिन्यावर सजावटीचा एखादा फांदा आडवा येतो हे तिथेच कळते.

तयारी म्हणून आरेखनासाठी एएसटीएम या मानकसंस्थेचे एफ२२९१, संचालन व देखभालीसाठी एफ७७० आणि युरोपातील ईएन १३८१४ ही मानके वाचावीत. त्यांपैकी एफ७७० आधी वाचावे, असे मी सुचवेन. राइड रोज कशी जगते हे त्यातून उमगते. शिक्षण यांत्रिकी, स्थापत्य किंवा वास्तुरचना यांपैकी कशाचेही चालेल, पण एखादा हंगाम संचालन विभागात काढलेला उमेदवार मला नेहमीच उजवा वाटतो. राइड उघडल्यावरही आपले काम लगेच संपत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गाड्या सुटण्यातले अंतर, रांगेची लांबी आणि विशेषतः शेजारच्या जुन्या राइडवर गर्दी वाढली की ओसरली, याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्याच विभागातील पुढच्या प्रस्तावाची चर्चा या नोंदींवरूनच सुरू होते.