चक्रांग की भुवई? नाथसागरावर बदकं मोजायला येणाऱ्या नव्या पोरापोरींसाठी

झूलॉजीला ॲडमिशन घेतलेली पोरंपोरी हिवाळा आला की विचारतात, पक्षीगणनेला यायचंय, आधी काय शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. चक्रांग आणि भुवई बदक, म्हणजे कॉमन टील आणि गार्गनी, ह्यांच्या माद्या वेगळ्या ओळखायला शिका. फ्लेमिंगो काय कुणीही ओळखतं. ही दोन छोटी तपकिरी बदकं मात्र जायकवाडीला, म्हणजे पैठणजवळच्या धरणाच्या नाथसागर जलाशयात, एकाच पाण्यात बसलेली असतात आणि मोजणीच्या तक्त्यात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

नर सोपे आहेत, लगेच सांगून टाकतो. चक्रांगाचं डोकं विटकरी, डोळ्यावरून मागं गेलेला हिरवा पट्टा, शेपटीच्या बाजूला पिवळसर डाग. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली रुंद पांढरी भुवई. पण हे चित्र पाठ करून नोव्हेंबरात पैठणला आलात तर भुवईवाला नर सापडणं अवघड, कारण विणीनंतर तो रंगीत पिसं टाकून मादीसारखाच होतो आणि त्याचा हा साधा वेष बराच हिवाळा टिकतो, कधी कधी पार फेब्रुवारीपर्यंत. चक्रांगाचे नर त्यामानानं लवकर रंगात येतात. म्हणून डिसेंबरात थव्यात रंगीत नर फक्त चक्रांगाचे दिसायलेत म्हणून सगळा थवा चक्रांगाचा असं धरू नका, त्यात भुवई बदकं भरपूर बसलेली असू शकतात.

मग बघायचं काय? तर तोंड. आधी तोंडच बघा, रंगाचं नंतर. भुवईच्या मादीचा चेहरा रेघांचा असतो, डोक्यावर गडद टोपी, खाली फिकी भुवई, मग डोळ्यातून जाणारी काळपट रेघ, आणि त्याखाली गालावर अजून एक पुसट रेघ. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि गळा पांढरट. हा ठिपका नीट दिसला की माझं तरी तिथंच समाधान होतं. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानानं कोरा, डोळ्यातली एक रेघ आणि बस. चोच लहान, बऱ्याचदा मुळाशी नारिंगीसर झाक, भुवईची चोच जरा लांब आणि राखाडी. आता तोंड पंखात खुपसून झोपलं असेल तर शेपटीकडं जा, चक्रांगाच्या शेपटीच्या बुडाला कडेनं एक फिकी आडवी रेघ असते, दुर्बिणीतून लांबूनही कळते.

थवा उडाला की पंखाचा पुढचा भाग बघा. भुवईच्या नराचा तो फिका निळसर राखाडी असतो, साध्या वेषातही, त्यामुळं नोव्हेंबरातला लपलेला नर इथं पकडला जातो. चक्रांगाचा पुढचा भाग गडद, आणि पंखावरच्या हिरव्या आरशाच्या (चमकदार हिरव्या पट्ट्याच्या) पुढची पांढरी पट्टी रुंद, मागची बारीक. भुवईच्या मादीत उलटं, मागची पट्टी ठळक. आवाजाकडंही कान ठेवा, चक्रांगाचा नर बारीक शिट्टी मारतो तर भुवईचा नर कंगव्यावरून नख ओढल्यागत कोरडा करकर आवाज काढतो.

जागेचं म्हणाल तर धरण नाथसागराच्या पूर्वेच्या टोकाला आहे, म्हणून सकाळी पैठणच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की ऊन पाठीमागून येतं आणि चेहऱ्यावरच्या रेघा दिसतात, संध्याकाळी तिथूनच नुसत्या काळ्या सावल्या. पाऊस चांगला झालेल्या वर्षी पाणी काठोकाठ असतं, बदकं लांब आत बसतात. पाणी ओसरून गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी) सुरू झाला की चिखल उघडा पडतो, मग चक्रांग अगदी कडेला चरायला येतात, भुवई बऱ्याचदा मोकळ्या पाण्यातच थव्यानं राहतात. पण नुसत्या जागेवरून नाव लिहू नका, दोघं मिसळतात. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण सुरुवातीला पुरते, लांबच्या थव्यांना ग्रुपमधल्या कुणाचा तरी स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची मोठी दुर्बीण) मागा, आणि अभयारण्य आहे हे (1986 पासून), तर फोटोसाठी थवा उडवायचा नाही.

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला येणार असाल तर तक्त्यात तीन रकाने आखून आणा, चक्रांग, भुवई आणि तिसरा "दोघांपैकी एक". ज्यांचं तोंड, शेपूट, पंख काहीच दिसलं नाही ती सगळी बिनधास्त तिसऱ्यात टाका. सर ओरडतील म्हणून आकडे अर्धे-अर्धे वाटून मोकळं होऊ नका, पुढच्या वर्षी कुणी तुमच्या तक्त्याशी तुलना करायला बसलं तर त्याला तिसरा रकाना लागणारच आहे.